त्याच त्या खुर्चीतला माणूस

"हा माणूस कोण?" लॉरिमरसाहेबांनी विचारलं, तेव्हा नेटा गोर्लेला आधी वाटलं की दारात कोणीतरी येऊन उभं राहिलंय. तिनं मान वळवून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. साहेबांच्या हातात तिनंच सकाळी दिलेली चिठ्ठ्यांची चळत होती आणि ते एकेक चिठ्ठी टेबलावर पत्ते मांडावेत तशी मांडत होते. "हा बघा. 'लेझी'च्या खाली: विस्तव विझत आला तरी तो खुर्चीतून उठला नाही. 'आयडल'च्या खाली: दुपारभर तो खुर्चीत नुसता बसून होता. 'इंडोलंट'च्या खाली यानंच शेगडीकडे पाय पसरलेत. आणि 'स्लॉथ'च्या खाली याची बहीण कामावरून येते तरी याच्या चहाचं भांडं चुलीवर चढलेलं नसतं. मिस गोर्ले, सगळ्या इंग्रजी भाषेत आळशी माणूस एकच आहे का? आणि त्याला एकच खुर्ची आहे का?" पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले. नेटाही हसली. साहेब रागावले नव्हते. चार वेगळे शब्द, तर चार वेगळी माणसं पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते रास्त होतं. सोमवारपर्यंत दुसरी वाक्यं द्या म्हणाले. चिठ्ठ्या गोळा करून ती आपल्या जागेवर आली, पेन्सिलीला टोक काढायला लागली, आणि टोक काढता काढता तिच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत. आपण आपल्या भावाबद्दल, वॉटीबद्दल लिहितोय हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

शब्दकोशाच्या कचेरीत वाक्यं बनवायची ही जुनीच रीत होती. अर्थ लिहून झाला की खाली एक वाक्य हवं, साधं, कोणाचंही नसलेलं, ज्यात तो शब्द बरोबर बसेल आणि शेजारचा शब्द घातला तर किंचित खुपेल. बावीस वर्षं नेटा अशी वाक्यं बनवत आली होती. तिच्या वाक्यांतून माणसं बसमध्ये चढली होती, जॅम करपवून बसली होती, एकमेकांना सोडून गेली होती. त्यांतलं कोणीही कधी तिच्या ओळखीचं नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती. नव्या आवृत्तीत जवळच्या अर्थाचे शब्द शेजारी शेजारी मांडून त्यांच्यातला फरक दाखवायचं ठरलं आणि आळसाचा गठ्ठा तिच्या वाट्याला आला, तेव्हा ती खूश झाली होती. तिला असं काम आवडायचं. दोन शब्दांच्या मध्ये बोट घालून तिथं नेमकी किती फट आहे हे बघायची तिला लहानपणापासूनची खोड होती, आणि या खोडीचा पगार मिळतो याचं तिला अजूनही अधूनमधून नवल वाटायचं. 'लेझी' म्हणजे ज्याला करता येतं पण करायचं नाही. त्यात मर्जी आहे. 'आयडल'ला मर्जी लागत नाही, यंत्रही आयडल असतं, बंदरातली क्रेनही असते, आणि तिला कोणी बोल लावत नाही. 'इंडोलंट' हा श्रीमंतांच्या घरचा शब्द, गाद्यागिरद्यांचा; पण तो मुळात लॅटिनमधून आला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता, की ज्याला दुखत नाही तो. हे तिनं गेल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि ट्रॅममध्ये बसावं तशी ती त्या अर्थात बराच वेळ बसून राहिली होती. ट्रॅम तर एडिनबरातून जाऊन सात वर्षं झाली होती. पण विचार करताना ती अजून ट्रॅमनंच जायची.

आणि आता त्या सगळ्या शब्दांत तिचा भाऊ पाय पसरून बसला होता. वॉटी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पंधराव्या वर्षापासून तो बिअरच्या कारखान्यासाठी लाकडी पिपं बनवायचा. ओकच्या फळ्या वाकवायच्या, कडं चढवायचं, हातोडीनं ठोकत ठोकत खाली न्यायचं, आणि एवढं करून पिपात पाणी भरलं तर थेंब बाहेर येता कामा नये. मग ॲल्युमिनियमची पिपं आली. गेल्या वर्षी कारखान्यानं लाकडाचं खातंच बंद केलं आणि वॉटी आपली अवजारं पोत्यात घालून घरी घेऊन आला. पोतं पलंगाखाली सारलं आणि खुर्चीत बसला. तेव्हापासून तो खुर्चीतच होता. म्हणजे सकाळी नेटा निघते तेव्हा तो सपाता घालून खुर्चीत असायचा आणि संध्याकाळी ती परत येते तेव्हाही सपाता घालून खुर्चीत असायचा. पहिल्यांदा तिनं बोलून पाहिलं. गोदीत माणसं घेतायत. हो का? वरच्या मिसेस टलकचा जावई विचारत होता. बरं. पुढे ती बोलायची थांबली. तंबाखू त्यानं मध्येच कधीतरी सोडली, छातीला बरी नाही म्हणाला; तिला वाटलं, दुकानापर्यंत जायचाही कंटाळा. जिना धुवायची पाळी आली की शेजारीण पाळीची पाटी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून जायची आणि पाटी आठवडाभर तशीच लोंबत राहायची, शेवटी शनिवारी संध्याकाळी नेटाच बादली घेऊन बसायची. "घरात एवढा थोराड गडी असताना, बाई," मिसेस टलक वरच्या पायरीवरून म्हणायची, "इकडची काडी तिकडे करत नाही आणि तू आपली गुडघ्यांवर!" नेटा म्हणायची, त्याची पाठ धरलीय. मिसेस टलक म्हणायची, "पाठ खुर्चीला चिकटलीय असं म्हण."

आणि येत्या रविवारी इना येणार होती. इना, मधली बहीण, मसलबरोला दिलेली, नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान. इनाच्या डोक्यात प्रत्येक गोष्टीला दोनच कप्पे असतात. मागच्या वेळी चहा पिता पिता तिनं वॉटीच्या देखत सांगून टाकलं होतं, "हे बघ नेटा, एक तर हा आळशी आहे, नाही तर याचं डोकं बिघडलंय. आळशी असेल तर बाहेर काढ, पोटाला चिमटा बसला की आपोआप हातपाय हलतील. डोकं बिघडलं असेल तर आमचे डॉक्टर सही देतील, टेकडीवरच्या इस्पितळात जागा आहे. यातलं काय ते तू ठरव. तू याच्याबरोबर राहतेस. पण रविवारी मी डॉक्टरांना घेऊनच येणार." टेकडीवरचं इस्पितळ म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बापाचा भाऊ तिथं गेला होता, तो तिथंच वारला. वॉटीनं तेव्हा आणखी एक बिस्किट घेतलं होतं, आणि नेटाला त्याचा इतका संताप आला होता की तिनं बशी उचलून आत नेली.

चारी चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन ती आता बसली होती आणि संतापाऐवजी तिला वेगळंच काहीतरी वाटत होतं, जे तिला कामाच्या वेळी नेहमी वाटायचं. कुतूहल. चार शब्दांसाठी आपण एकाच माणसाला बसवलं, तर तो चारही ठिकाणी बसतोय का? तिनं नेहमीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. वॉटी इंडोलंट आहे. नाही, ज्याला दुखत नाही तो इंडोलंट, आणि वॉटी रात्री झोपेत दात खातो, ती भिंतीपलीकडून ऐकते. वॉटी आयडल आहे. यंत्र बंद आहे एवढंच त्यातून कळतं, का बंद आहे ते कळत नाही. वॉटीच्या ठिकाणी 'स्लॉथ' आहे. हा शब्द पाद्र्यांचा, पापांच्या यादीतला, आणि जुन्या मठांत त्याचा अर्थ निराळाच होता: भर दुपारी साधूला आपल्या खोलीचा, देवाचा, स्वतःचा असा काही उबग यायचा की हात उचलवत नसे. तिथं ती जराशी थबकली. मग तिला आईचा शब्द आठवला, जो या शब्दकोशात येणारच नव्हता, कारण तो स्कॉटलंडचा, घरातला, चुलीपुढचा: स्वीअर. आई वॉटीला शाळेच्या दिवसांत म्हणायची, हा पोरगा स्वीअर आहे. शेजारणी त्याचा अर्थ आळशी असाच घ्यायच्या. पण आई तो घोड्यालाही लावायची. कोळशाच्या गाडीचा घोडा पुलावर चढायला बघायचा नाही, कान मागे टाकून उभाच राहायचा, तेव्हा आई खिडकीतून म्हणायची, स्वीअर झालाय बिचारा, पुलाला बिचकतोय. ज्याचं मन मागे ओढ घेतं तो स्वीअर. आळस त्यात असेल, नसेल.

आईच्या मयताचा दिवस तिच्यासमोर मग नको असताना उभा राहिला. याच जानेवारीतली गोष्ट. बायका घरात राहतात, मांस कापतात, किटल्या चढवतात. पुरुष शवपेटीबरोबर कबरस्तानात जातात आणि जवळच्या आठ जणांच्या हातात पेटी कबरीत उतरवायच्या दोऱ्या देतात. कोणी कुठली दोरी धरायची ते आदल्या दिवशी ठरतं आणि ज्याच्या त्याच्या हातात तसं कार्ड पडतं. डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची. वॉटीचं कार्ड त्याच्या काळ्या कोटाच्या खिशात होतं. कोट अंगात होता, बूट चकचकीत होते, बोलर टोपी मांडीवर होती. पेटी जिन्यातून खाली गेली, माणसं गेली, आणि वॉटी घराच्या दारामागच्या बोळातल्या खुर्चीवर बसून राहिला. इनाचा नवरा परत वर आला. "अरे, चल ना." वॉटी म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मला कंटाळा आलाय." आईची दोरी धरायचा कंटाळा! खोलीतल्या बायकांच्या हातांतल्या सुऱ्या थांबल्या. त्याची दोरी इनाच्या नवऱ्यानं धरली आणि इनानं ती गोष्ट अजून गिळलेली नाही. नेटालाही तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आज तिला प्रथमच त्या वाक्याचं नवल वाटलं. 'कंटाळा आलाय.' पाय दुखतोय म्हणता आलं असतं. भोवळ आली म्हणता आलं असतं, मयताच्या दिवशी कोणीही मान्य केलं असतं, पाणी आणून दिलं असतं. एवढ्या सगळ्या शब्दांतून माणूस असा शब्द का उचलेल, ज्यानं सगळे थुंकतील? शब्द निवडणारी माणसं तिनं आयुष्यभर पाहिली होती. असा शब्द चुकून उचलला जात नाही.

तिनं पेन्सिल ठेवली, दाढ दुखतेय असं लॉरिमरसाहेबांना सांगितलं आणि कोट घातला. बावीस वर्षांत ती कामाच्या दिवशी दुपारी घरी गेलेली नव्हती. बसमध्ये बसल्यावर तिला कळलं की आपला भाऊ दुपारी काय करतो हे आपल्याला माहीतच नाही. आपण ते नुसतं लिहिलंय. घराकडच्या गोर्जीच्या रस्त्याला दुपारी वेगळाच उजेड होता, बिअरच्या कारखान्यातल्या मॉल्टचा वास नेहमीपेक्षा गोड येत होता, आणि चोरी करायला निघाल्यासारखी ती भिंतीच्या कडेनं चालली होती. त्याला कशात पकडायची आपली इच्छा आहे, ती स्वतःला विचारत होती. पिऊन पडलेला? एखादी बाई? की लपूनछपून काही सुंदर बनवताना, म्हणजे मग आपल्याला रडता येईल? खरं म्हणजे तिला तेच हवं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटली. जिना चढताना तिनं पायांचा आवाज होऊ दिला नाही. किल्ली फिरवली, दार ढकललं. दार अर्ध्यातच कशाला तरी अडलं.

ते त्याच्या गुडघ्याला अडलं होतं. बोळातली ती साधी लाकडी खुर्ची दाराला लावून वॉटी बसला होता. अंगात ओव्हरकोट, सगळी बटणं लावलेली. गळ्याभोवती मफलर, डोक्यावर टोपी, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीच्या. मांडीवर बाजाराची पिशवी घडी घालून ठेवलेली. त्याचा चेहरा घामानं भिजला होता आणि घाम मफलरमध्ये उतरत होता. बाहेर ऑक्टोबरची थंडी होती. शेगडीजवळची ती आरामखुर्ची तिला आतल्या उघड्या दारातून दिसत होती. ती रिकामी होती. सपाता तिच्यापुढे जोडीनं ठेवलेल्या होत्या.

"सहा वाजले?" वॉटीनं विचारलं.

"नाही. मीच लवकर आले."

"असं." त्यानं टोपी काढली. केस डोक्याला चिकटले होते. "मी आता कपडे बदलणारच होतो."

"कुठं निघाला होतास?"

"बटाटे आणायला."

"किती वेळ झाला?"

त्यानं खुर्ची जराशी मागे सरकवली. नेटानं आत शिरून दार लावलं आणि दार लागताच त्याचे खांदे उतरलेले तिला दिसले. बोळात दुसरी खुर्ची नव्हती. ती कोटासकट जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली. लहान असताना ती दोघं इथंच अशी बसायची, आई ओरडली की.

"रोज?" तिनं विचारलं.

"रविवार सोडून. रविवारी तू असतेस."

"आणि मी यायच्या आधी..."

"सपाता." तो हसल्यासारखं करत म्हणाला. "तुझी वेळ ठरलेली. घड्याळ लावावं तशी येतेस, त्यामुळे सोपं जातं."

"काय होतं, वॉटी?" हे तिनं फार हळू विचारलं, आणि विचारताना तिला कळलं की आपण कीव म्हणून विचारत नाही आहोत. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बहुधा त्यालाही ते कळलं, कारण त्यानं उत्तर दिलं. एरवी दिलं नसतं.

"कडीला हात लावेपर्यंत काही होत नाही. उठतो, दाढी करतो, बूट घालतो. अगदी व्यवस्थित. मग कडीला हात लावला की…" तो थांबला, शोधायला लागला. "पिपाला कडं चढवतात ना, हातोडीनं ठोकत ठोकत खाली आणतात, फळ्या एकमेकींत घुसेपर्यंत. तसं इथं, छातीभोवती. आणि ठोकणारा हात चांगला कसबी असतो. सोडत नाही. मग मी बसतो. वाटतं, जरा सैल झालं की उठू. दिवस जातो."

"मयताच्या दिवशीही?"

"त्या दिवशी पहिल्यांदा एवढं जोरात."

"अरे, मग सांगायचंस! मला सांगायचंस. आम्ही तुला काय काय म्हणालो. मी…" आपण लिहिलेली वाक्यं तिच्या ओठांवर आली आणि तिनं ती परतवली. "कंटाळा आला म्हणालास. आईची दोरी धरायचा कंटाळा! का?"

वॉटीनं पिशवीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "आळशी म्हणतात ना," तो म्हणाला, "तर त्यात निदान माझं काहीतरी आहे. मी नाही जात. माझी मर्जी. शिव्या द्या. पण हे दुसरं सांगितलं की मग मी कुठं राहतो त्यात? कोणीतरी मला धरून ठेवलंय, एवढंच उरतं. मग काकाशी बोलायचे तसं सगळे हळू बोलायला लागतात. इनासुद्धा हळू बोलेल. इनाला हळू बोलताना ऐकलंयस कधी?"

नेटाला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळ्यांत पाणी आलं. हाच फरक तिनं परवा सुवाच्य अक्षरात लिहिला होता, मर्जी आहे, मर्जी नाही, आणि बुडत्यानं फळीला धरावं तसं कोणी त्यातल्या मर्जीच्या शब्दाला धरून बसलं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि दयेपेक्षा जास्त, त्याचा मान वाटला. हा माणूस दाढी करून, नाड्या बांधून, रोज कामावर जावं तसा या दाराशी येऊन हरत होता. आळस करायला त्याला एका दिवसाची सुट्टीसुद्धा मिळाली नव्हती. याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. एखादा शब्द असेलही, डॉक्टरांच्या पुस्तकांत, ग्रीकमधून आणलेला. तो शोधायला हवा, आणि समजूतदार डॉक्टरही शोधायला हवा, पण तिचा तिनं, दमानं. इनाच्या गाडीतून आलेला नव्हे. मग ती उठली, त्याचा मफलर काढून दांडीवर वाळत टाकला आणि बटाटे आणायला गेली.

उरलेल्या दिवसांत तिनं चार वाक्यं लिहिली. एक विद्यार्थ्याला दिलं, एक बंद पडलेल्या गिरणीला, एक जहागीरदाराला आणि एक पाद्र्याला. लॉरिमरसाहेब म्हणाले, आता कसं, हवा खेळती झाली. दोघा भावंडांत त्या दुपारबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. फक्त शुक्रवारी संध्याकाळी ती आली तेव्हा वॉटीनं सपाता घातल्या नव्हत्या. तो बूट घालूनच शेगडीजवळ बसला होता आणि तिनं ते पाहिलंय हे त्यानं पाहिलं.

रविवारी इना आली ती जिन्यातूनच बोलत आली. "डॉक्टर खाली गाडीत बसलेत. म्हटलं आधी मी वर जाऊन बघते, उगाच त्यांना चार मजले कशाला! हुश्श." तिनं हातमोजे काढले, स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेल्या वॉटीकडे नजर टाकली, आणि मधलं दार उघडं आहे याची फिकीर न करता बोळातच नेटाला धरलं. "हं. ठरवलंस? काय आहे हे? आजार की आळस? एका शब्दात सांग बाई, ते खाली थंडीत बसलेत."

नेटानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. वॉटीचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले होते आणि बोटं लाकडाला अशी दाबून धरलेली, की नखं पांढरी पडली होती. तो वर बघत नव्हता. बावीस वर्षांत नेटानं जाणूनबुजून एकही चुकीचा शब्द वापरला नव्हता. दुकानात नाही, प्रार्थनेत नाही, आईच्या मरणाच्या पत्रांतही नाही. लोक तिला त्यावरून हसायचे.

"आळस," ती म्हणाली.

"नक्की?"

"इना, माझं कामच आहे ते. चारी बाजूंनी तपासलंय मी. हाडाचा आळशी आहे तो. आजारबिजार काही नाही."

"मी म्हणतच होते! मग काढ बाहेर. आज काढ."

"नाही काढणार. आळशी माझा आहे, खोली माझी आहे. डॉक्टरांना म्हणावं, तसदी दिली."

इनाचा चेहरा लाल झाला. ती बोलली ते दोघी बहिणींत आजवर कोणी कोणाला बोललं नव्हतं; तू त्याला बिघडवलंस, तू स्वतःच एक वेडी आहेस, मेलीस की मग बघू कोण याच्या तोंडात घास घालतं. हातमोजे उलटसुलट चढवून ती निघाली. पहिल्या वळणावर थांबली, वर तोंड केलं आणि चारी मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऐतखाऊ! लाज वाटत नाही मेल्याला!" वर कुठंतरी मिसेस टलकचं दार करकरत उघडलं. खाली गाडी सुरू झाली, गेली. नेटा स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"ऐतखाऊ म्हणाली," वॉटी म्हणाला.

"चांगलं मोठ्यानं म्हणाली."

"सगळ्या जिन्यानं ऐकलं असेल."

"असेलच."

वॉटीची बोटं टेबलावरून सुटली. त्यानं पाठ सरळ केली, आणि नेटानं या वर्षात पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेताना पाहिलं.